बुरशीशी बुरशीची गाठ: मायक्रोफ्लुइडिक चिपच्या कामाच्या नोंदी

९ जून

दोन बुरशींची जोडी ठरली. ट्रायकोडर्मा अ‍ॅट्रोविरिडे आणि राइझोक्टोनिया सोलानी. पहिली दुसरीला खाते हे काही नवीन नाही, पेट्री प्लेटच्या दोन कडांना दोघींचे प्लग (बुरशी वाढलेल्या जेलीचे छोटे गोल तुकडे) ठेवले की मध्ये येऊन भिडतात आणि थोड्या दिवसांत राइझोक्टोनियाच्या अंगावर ट्रायकोडर्माचे हिरवे बीजाणू धरतात. पण भिडतात त्या रेषेवर मायक्रोस्कोप नेला की नुसतं जाळं दिसतं, हजारो तंतू एकमेकांवर चढलेले, कोण कुणाला धरतंय काही पत्ता लागत नाही. म्हणून चिप, म्हणजे केसाहून बारीक नळ्या असलेला पारदर्शक तुकडा. अरुंद चॅनेलमधून एकेक दोनदोन तंतूच आत येऊ द्यायचे आणि त्यांची भेट एकाच फोकसमध्ये, तासन्‌तास बघायची.

डिझाइन साधंच आहे. डावीउजवीकडे ३ मिमीची दोन भोकं, त्यात प्लग बसणार. प्रत्येक भोकातून २० मायक्रॉन रुंदीची चॅनेल निघून मध्ये येतात आणि ४०० मायक्रॉन रुंद खोलीत उघडतात. उंची सगळीकडे १०. तंतू साधारण २ ते १० मायक्रॉन जाड असतात, त्यामुळे एवढ्या उंचीत एकावर एक चढायला जागाच मिळत नाही, असा हिशोब.

हीच जोडी का, तर राइझोक्टोनिया डोळ्यांनी ओळखता येते. तंतू जाड, फांदी जवळजवळ काटकोनात फुटते, फांदीच्या बुडाशी आवळल्यासारखी असते आणि तिथून थोडं पुढे आडवा पडदा. ट्रायकोडर्माचा तंतू त्यामानाने बारीक. म्हणजे रंग किंवा जीएफपी (चकाकणारं प्रथिन) नसलं तरी कोण कोणती ते कळतं. शिवाय राइझोक्टोनिया असे उडणारे बीजाणू बनवत नाही, निम्मी डोकेदुखी तिथेच कमी.

१७ जून

साचा आला. सिलिकॉन वेफरवर एसयू-८ चा (प्रकाश पडला तिथे घट्ट होणारा रेझिस्ट). स्वतःची क्लीनरूम नसेल तर हे बाहेरून करून घ्या, अर्धवट सोयीत करायला जाऊ नका. सगळ्या कामात सर्वात जास्त पैसा ह्या एका तबकडीवर जातो, पण नीट सांभाळली तर तिच्यावरून ढीगभर चिप ओतता येतात. मास्क (प्रकाश कुठे पडावा ते ठरवणारा छापा) प्लास्टिक फिल्मवर छापून घेतला, २० मायक्रॉनच्या रेघांना तो चालतो. १० च्या खाली जायचं असेल तर क्रोम मास्कच लागेल, तो बराच महाग.

प्रोफाइलोमीटरने उंची मोजली, ११ ते १२ भरली. मागितलेली आणि मिळालेली उंची ह्यात इतका फरक पडतोच, पण मोजून लिहून ठेवा, पुढे कामाला येतं (आमच्या तर फारच आलं, ऑगस्टची नोंद बघा).

पहिल्यांदा ओतायच्या आधी फ्लोरोसिलेनची वाफ द्यायची. डेसिकेटरमध्ये वेफर, शेजारी छोट्या झाकणात एकदोन थेंब, व्हॅक्यूम, तासभर, आणि सगळं फ्यूम हूडमध्येच. ही पायरी गाळली तर पीडीएमएस (चिप ज्याची बनते ते पारदर्शक सिलिकॉन रबर) काढताना एसयू-८ पण सोबत निघून येतो आणि तबकडी फुकट जाते.

२० जून

पीडीएमएस ओतलं. सिलगार्ड १८४, बेस आणि क्युअरिंग एजंट १० ला १, वजनाने. भरपूर ढवळायचं, मग व्हॅक्यूममध्ये फेस काढायचा. फेस तीनचार पट वर येतो त्यामुळे कप अर्ध्यापेक्षा खूप कमी भरा, नाहीतर डेसिकेटर धूत बसाल आणि हे प्रकरण धुतलं जात नाही, पुसूनच काढावं लागतं.

७० अंशाला रात्रभर ठेवून सकाळी बघितलं तर कडेचा एक पट्टा चिकटच. बाकी सगळं घट्ट, एवढा भाग बोटाला लागतोय. आधी वाटलं प्रमाण चुकलं किंवा ढवळणं कमी पडलं, परत मोजून ओतलं तर परत तेच, तेही नेमकं साच्याला हात लागतो त्याच बाजूला. कारण निघालं हातमोजे. लॅटेक्सच्या मोज्यांत गंधक असतं आणि ते पीडीएमएसच्या प्लॅटिनम कॅटॅलिस्टला मारतं, मग तेवढा भाग कधीच घट्ट होत नाही, कितीही तापवा. नायट्राइलचे मोजे घेतले, वेफर आयसोप्रोपेनॉलने पुसून घेतली, प्रश्न संपला. बाटली, साचा, चमचा, कशालाच लॅटेक्स लागू देऊ नका.

२४ जून

भोकं पाडणं आणि काचेवर चिकटवणं.

पंच धारदार हवा. बोथट पंचाने भोकाची कड फाटते आणि पीडीएमएसचे बारीक तुकडे थेट चॅनेलच्या तोंडात जाऊन बसतात, नंतर तंतू तिथे अडून वळतो आणि आपण समजतो बुरशीने काहीतरी निर्णय घेतला. चॅनेलची बाजू वर ठेवून पंच करा, म्हणजे भोक नेमकं कुठे पडतंय ते दिसतं. मग पारदर्शक टेप लावून काढा, दोनतीन वेळा, धूळ निघते.

प्लाझ्मा (पृष्ठभाग चिकटण्याजोगा करणारा विद्युतभारित वायू) ४० सेकंद, मग लगेच काचेवर ठेवून ८० अंशाच्या हॉटप्लेटवर १० मिनिटं. काच म्हणजे ०.१७ मिमीची कव्हरस्लिप, नाहीतर जास्त पॉवरची ऑब्जेक्टिव्ह पोचत नाही. चिकटलंय का हे बघायला एक चिप बळी द्यायची: कोपरा उचलून ओढा, पीडीएमएस फाटलं पाहिजे, सुटता कामा नये. हे गांभीर्याने घ्या, कारण तंतूच्या टोकाला चांगला दाब असतो आणि जोड जरा जरी कच्चा असला तरी तो चॅनेल सोडून सरळ काच आणि पीडीएमएसच्या मधून वाट काढतो.

जोड पक्का बसला पण दुसरंच झालं. मधली खोली बसली. ४०० रुंद आणि ११ उंच म्हणजे छत जवळपास ३५ पट रुंद, मऊ पीडीएमएस मधोमध खाली टेकलं, तंबूचं कापड झोल खाऊन जमिनीला लागावं तसं, आणि प्लाझ्मा झालेला असल्यामुळे टेकलं तिथे कायमचं चिकटलं. मायक्रोस्कोपखाली खोलीच्या कडा दिसतात आणि मध्ये इंद्रधनुषी रिंगणं. सगळ्या चिप बाद.

उपाय माहितीतला आहे, खांब. खोलीत दर १०० मायक्रॉनला ३० मायक्रॉन जाडीचा एक खांब. पण त्यासाठी मास्क नवा, साचा नवा, पैसे परत, आणि दोन आठवडे नुसती वाट.

८ जुलै

खांबवाला साचा आला, छत उभं राहिलं. आता भरणं.

प्लाझ्मानंतर चॅनेल थोडा वेळ पाणी ओढून घेतात, तेवढ्यात माध्यम (बुरशीचं खाद्य असलेलं द्रव) घातलं तर आपोआप आत जातं. उशीर झाला की पीडीएमएस परत पाण्याला नाही म्हणायला लागतं आणि मध्ये हवेचे बुडबुडे अडकतात. पण आम्हाला चिप आधी ऑटोक्लेव्ह करायची होती (दाबाच्या वाफेत निर्जंतुक, १२१ अंश, १५ मिनिटं, पीडीएमएसला काही होत नाही), म्हणजे उशीर ठरलेलाच. मग हा मार्ग: कोरडी चिप व्हॅक्यूममध्ये अर्धा तास ठेवायची, बाहेर काढल्या काढल्या दोन्ही भोकांवर माध्यमाचे थेंब ठेवायचे. पीडीएमएसमधली हवा काढून टाकलेली असते, ते आता चॅनेलमधली हवा शोषतं आणि त्या जागी थेंब आत ओढला जातो. पंप नको, सिरिंज नको. ज्या बुडबुड्यांशी आधी सुईने झगडत होतो ते डोळ्यांदेखत आक्रसून नाहीसे होतात, बघायला मजा येते.

माध्यम म्हणजे पातळ केलेलं पोटॅटो डेक्स्ट्रोज ब्रॉथ, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढलेलं. पूर्ण ताकदीचं घेतलं तर तंतू इतके फुटतात की खोलीत परत प्लेटसारखंच जाळं. पातळ घेतलं की विरळ आणि लांब जातात.

१२ जुलै

पहिली लागवड. वाढत्या कडेवरून ३ मिमीचे प्लग, मायसेलियमची (तंतूंच्या जाळ्याची) बाजू चॅनेलच्या तोंडाकडे, २५ अंश, अंधार.

दुसऱ्या दिवशी ट्रायकोडर्मा चॅनेलमध्ये अर्ध्यावर, राइझोक्टोनिया पण सुटलेली, आम्ही खूष. तिसऱ्या दिवशी राइझोक्टोनियाच्या भोकातून ट्रायकोडर्माचे तंतू बाहेर येताना दिसले! म्हणजे खालून चॅनेलमधून भेट व्हायच्या आधी ती चिपच्या डोक्यावरून चालत जाऊन पलीकडच्या भोकात उतरली होती. हवेत वाढणारे तंतू भोकाची कड चढतात, पीडीएमएसच्या वर माध्यमाचा एखादा थेंब सांडलेला असेल तर त्यांना आयताच रस्ता.

तीन गोष्टी बदलल्या. पीडीएमएसची जाडी ५ वरून ८ मिमी केली. प्लग ठेवल्यावर वरचा पृष्ठभाग इथेनॉलच्या बोळ्याने पुसून पूर्ण कोरडा करायचा, बोळा भोकाजवळ न नेता. आणि प्रत्येक भोकावर काचेचा छोटा तुकडा, घट्ट नाही, नुसता ठेवलेला, म्हणजे हवा मिळते. ह्यातलं नेमकं कशाने जमलं सांगता येणार नाही, तिन्ही एकदम केल्या, पण वरून जाणं थांबलं.

१९ जुलै

चिप सुकतेय. पीडीएमएसमधून हवा जाते हे आपल्याला हवंच असतं, बुरशीला ऑक्सिजन मिळतो, पण पाण्याची वाफ पण तशीच निघून जाते आणि ११ मायक्रॉनच्या चॅनेलमध्ये पाणी असतं तरी किती. रात्रभरात वाढीचा वेग पडत पडत थांबला, माध्यम मागे सरकलेलं दिसलं. सकाळी कुणीतरी सहज म्हणून भोकात निर्जंतुक पाणी सोडलं. पुढच्या काही मिनिटांत जे दिसलं ते बघण्यासारखं होतं, पण प्रयोग म्हणून मेला: टोकं एकेक करून फुटली. तंतूचं टोक आधी थोडं गोल फुगतं, मग टोकाशीच भिंत उघडते आणि आतला ऐवज एका झटक्यात बाहेर, चॅनेलमध्ये दाणेदार ढग पसरतो. सुकताना बाहेरचं द्रव घट्ट झालेलं, तंतूने आतला दाब त्याप्रमाणे जुळवलेला, वरून एकदम साधं पाणी आलं की पाणी आत घुसतं, आणि टोकाची भिंत नवीन आणि मऊ असते म्हणून तीच आधी जाते.

तर पाणी कधीच सोडायचं नाही, लागलंच तर तेच माध्यम, तेही प्लगच्या बाजूने हळू. त्यापेक्षा सुकूच देऊ नका. आता चिप लागवडीच्या आदल्या रात्री पूर्ण पाण्यात बुडवून ठेवतो म्हणजे पीडीएमएस स्वतः ओलं होतं, आणि प्रयोगात मोठ्या पेट्री डिशमध्ये चिप, सभोवती ओल्या टिश्यूच्या गुंडाळ्या, कडेला पॅराफिल्मची पट्टी. झाकणावर दव धरतं आणि फोटो धुरकट येतात, त्यावर झाकण खालच्यापेक्षा एखादा अंश गरम ठेवणं हाच उपाय, स्टेज इन्क्युबेटरला तशी सोय असेल तर वापरा.

२ ऑगस्ट

अखेर भेट झाली, एक नाही, बऱ्याच खोल्यांमध्ये. आणि वेटोळं एकही नाही.

प्रत्येक पुस्तकात ट्रायकोडर्मा राइझोक्टोनियाच्या तंतूभोवती वेटोळे घालतानाचा फोटो असतो. आमच्याकडे ती येते, स्पर्श करते, आणि अंगाला अंग लावून शेजारून सरळ चालायला लागते. कधी आडवी येऊन थांबते. काही ठिकाणी टोक मागे वळलं. पहिले दोन दिवस आम्ही ह्यावरून मोठमोठे अंदाज लढवले, आमचा स्ट्रेन (वाण) कमजोर आहे, माध्यमात साखर जास्त आहे म्हणून तिला भूक नाही, वगैरे. साखर आणखी कमी करून बघितली, फरक नाही. त्याच स्ट्रेनची, त्याच माध्यमावर सेलोफेन टाकून प्लेट लावली तर वेटोळे भरपूर. म्हणजे बुरशीत खोट नाही.

मग जूनमधला उंचीचा आकडा काढला. खोली ११ ते १२ उंच. आमच्या राइझोक्टोनियाचे तंतू मोजले, बहुतेक ७ ते १० जाड. म्हणजे तंतू जवळपास जमिनीपासून छतापर्यंत. त्याच्या वरून आणि खालून मिळून उरतात एक ते पाच मायक्रॉन, त्यातून ट्रायकोडर्माने गोल फिरायचं कसं? वेटोळं ही तीन मितींची हालचाल आहे आणि आम्ही तिला दोन मितींत कोंडून वर विचारतोय की तू वेटोळं का घालत नाहीस. जो फायदा म्हणून चिप केली, सगळं एका फोकसमध्ये, त्याच फायद्याने बघायची गोष्ट अशक्य करून टाकली.

हे इतकं लांबवून लिहितोय कारण चिपवरच्या कुठल्याही निरीक्षणाला हा प्रश्न विचारायला हवा: हे बुरशी करतेय की चिप करवून घेतेय. शेजारून सरळ चालणं हे आम्ही जवळजवळ निष्कर्ष म्हणून लिहिणार होतो. प्लेटवरची साधी तुलना नसती तर लिहिलंच असतं.

२६ ऑगस्ट

तिसरा साचा, दोन थरांचा. चॅनेल १० मायक्रॉनच, म्हणजे तंतू मोजकेच आणि सपाट येतील, पण मधली खोली २५. पहिला थर १० चा, त्यावर पूर्ण डिझाइन एक्सपोज करायचं, डेव्हलप न करताच वर दुसरा १५ चा थर, त्यावर फक्त खोली, मग दोन्ही एकदम डेव्हलप.

अडचण जुळवणीची. डेव्हलप न केलेल्या एसयू-८ मधल्या खुणा दुसऱ्या थराखाली इतक्या फिक्या दिसतात की मास्क कशावर बसवायचा तेच कळत नाही. पहिल्या वेफरवर खोली ४० मायक्रॉन बाजूला सरकली, डावीकडची चॅनेल खोलीला लागलीच नाहीत. दुसऱ्या वेळी खुणा मोठ्या करून वेफरच्या कडेला घेतल्या आणि दुसरा थर फिरवल्यावर तेवढ्या भागावरचा रेझिस्ट सॉल्व्हंटच्या बोळ्याने पुसून टाकला, उघड्या खुणा स्वच्छ दिसल्या. शिवाय डिझाइनमध्येच चॅनेल खोलीच्या आत ५० मायक्रॉन घुसवून ठेवली, थोडं सरकलं तरी जोड सुटत नाही. हे आधीच करण्यासारखं आहे, फुकटचा विमा.

४ सप्टेंबर

वेटोळं दिसलं.

एका खोलीतला क्रम, जसा टिपला तसा. राइझोक्टोनियाचा जाड तंतू खोली ओलांडून गेलेला, आतला प्रवाह स्पष्ट, दाणे एकाच दिशेने वाहतायत. ट्रायकोडर्माचं टोक खालच्या चॅनेलमधून आलं, स्पर्श झाला, आणि मुख्य टोक तसंच शेजारून पुढे गेलं, अगदी पहिल्या चिपसारखं. निराशाच झाली. पण दीडेक तासाने त्याच तंतूला, स्पर्शाच्या जागेच्या थोडं मागे, आखूड फांद्या फुटल्या, सगळ्या राइझोक्टोनियाच्या बाजूला. त्यातली एक आकड्यासारखी वळली, जाड तंतूच्या वरून गेली, फोकसमधून नाहीशी झाली, आणि पुढच्या फ्रेममध्ये खालच्या फोकसला पलीकडून बाहेर आली. मग दुसरा वेढा, पहिल्याला चिकटून. म्हणजे आमच्याकडे तरी वेटोळं मुख्य टोक घालत नाही, बाजूच्या फांद्या घालतात, आणि स्पर्शानंतर बऱ्याच वेळाने. प्लेटवरच्या फोटोत हा क्रम कधीच कळला नसता.

त्यानंतर वेढा पडलेल्या कप्प्यात प्रवाह अडखळला आणि थांबला, आत मोठमोठ्या पोकळ्या दिसायला लागल्या. शेजारच्या कप्प्यात मात्र, मधल्या पडद्यापलीकडे, दाणे अजून वाहत होते. राइझोक्टोनियाच्या पडद्यात डोलीपोर नावाचं भोक असतं, कप्पा मेला की ते बंद होतं आणि नुकसान तिथेच अडतं. काही खोल्यांत पलीकडच्या जिवंत कप्प्यातून नवी फांदी पण फुटली.

सगळ्या खोल्यांत असं झालं नाही हेही लिहून ठेवतो. कुठे नुसताच स्पर्श झाला, आणि कुठे वेढा न घालताच समोरचा कप्पा मेला.

१० सप्टेंबर

उत्साहात कॅल्कोफ्लोर व्हाइट हा चकाकणारा रंग घालून बघितला. भिंती चकचकीत निळ्या, फोटो सुंदर, पण कॅल्कोफ्लोर कायटिनला धरतो आणि कायटिन दोघींच्या भिंतीत, त्यामुळे कोण कोणती हे कळायला उपयोग शून्य. जास्त घातला तर वाढच बिघडते, तो भिंत बांधण्यातच अडथळा आणतो. आता फक्त शेवटच्या फोटोसाठी वापरतो, प्रयोग संपल्यावर. मेलेले कप्पे बघायला प्रोपिडियम आयोडाइड हा रंग जास्त कामाचा, तो फाटलेल्या पटलातूनच आत जातो.

खरी गडबड प्रकाशाची निघाली. टाइमलॅप्सवाल्या खोल्यांत दीड दिवसाने ट्रायकोडर्माने वाढ सोडून बीजाणू धरायला सुरुवात केली, आणि अंधारात ठेवलेल्या चिपमध्ये काही नाही. ट्रायकोडर्माला निळ्या प्रकाशाचं भान असतं, बीएलआर-१ आणि बीएलआर-२ ही तिची प्रकाश ओळखणारी प्रथिनं, अंधारात वाढलेल्या प्लेटवर निळ्या प्रकाशाचा एक छोटा झोत टाकला तरी नंतर त्या वेळच्या कडेवर हिरवं कडं उमटतं. आम्ही दर १५ मिनिटांनी तिला तोच झोत देत होतो. साध्या पांढऱ्या दिव्यातसुद्धा निळा भाग असतोच.

आता दिव्यापुढे ६०० नॅनोमीटरच्या वरचाच प्रकाश सोडणारा लाल फिल्टर, खोलीतले दिवे बंद, प्लग ठेवताना पण लाल बल्ब. बीजाणू थांबले. लाल प्रकाशात बारकावे किंचित कमी दिसतात, चालतं. जीएफपीवाला स्ट्रेन घ्यायचा विचार असेल तर आधी हे लक्षात घ्या, कारण जीएफपी पेटवायला निळाच प्रकाश लागतो.

२५ सप्टेंबर

कंट्रोलचं (तुलनेसाठीच्या लागवडीचं) रामायण. सुरुवातीला एकाच चिपवर शेजारी शेजारी तीन रांगा होत्या: दोघी, फक्त ट्रायकोडर्मा, फक्त राइझोक्टोनिया. जागा वाचते, सगळं एकाच तापमानात, दिसायला आदर्श. पण एकटी राइझोक्टोनिया ह्या चिपवर संथ वाढत होती आणि स्वतंत्र चिपवर, स्वतंत्र डब्यात, चांगली वेगात.

ट्रायकोडर्मा अ‍ॅट्रोविरिडे ६-पेंटिल पायरोन सोडते, प्लेट उघडली की नारळासारखा वास येतो तो त्याचाच, आणि बुरशीची वाढ रोखायला तो ओळखला जातो. अशी वाफ पीडीएमएसच्या भिंतींना जुमानत नाही, शिवाय तेलकट स्वभावाचे छोटे रेणू पीडीएमएस स्वतःत शोषून घेतं. म्हणजे शेजारची रांग वेगळी आहे असं आपल्याला वाटतं, बुरशीला नाही. तेव्हापासून कंट्रोल वेगळ्या चिपवर, वेगळ्या झाकलेल्या डिशमध्ये, आणि वापरलेली चिप धुऊन परत वापरणं बंद. पीडीएमएसमध्ये आधीच्या प्रयोगातलं काय मुरलंय सांगता येत नाही.

एकट्या ट्रायकोडर्माचा कंट्रोल पण गाळू नका. ती कधीकधी स्वतःच्याच तंतूंभोवती वेटोळे घालते. ते मोजले नाहीत तर राइझोक्टोनियाच्या नावावर फुकटचे वेढे जमा होतात.

९ ऑक्टोबर

फोटोंचा हिशोब. खोली २५ ची झाल्यामुळे एका फोकसवर भागत नाही, ४ मायक्रॉनच्या अंतराने ७ फोटो घेतो. २०४८ बाय २०४८ चा १६ बिटचा एक फोटो साधारण ८ एमबी. दहा जागा, दर १५ मिनिटांनी, म्हणजे दिवसाला ५६ जीबीच्या आसपास. पहिल्याच लांब प्रयोगात डिस्क भरून रात्री रेकॉर्डिंग बंद पडलं, नेमका भेटीचा भाग गेला. आता भेट होईपर्यंत एकच फोकस आणि दर अर्ध्या तासाने, टोकं खोलीत शिरली की पूर्ण सेट. त्यासाठी कुणीतरी मधूनमधून बघावं लागतं, तयार सेटिंग लावून झोपायला जाता येत नाही.

फोकस सरकणं हा दुसरा त्रास. पहिले दोन तास स्टेज तापत असते, तेव्हा सरकतंच, म्हणून चिप ठेवून दोन तासांनीच रेकॉर्डिंग सुरू. विश्लेषण फिजी ह्या फोटो तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये: आधी फ्रेम जुळवून घ्यायच्या, मग तंतूच्या मार्गावर रेघ ओढून कायमोग्राफ (त्या रेघेवर वेळेनुसार काय सरकलं त्याचं चित्र), त्याच्या उतारावरून वेग. खांबांजवळचे तंतू मोजणीतून वगळतो, खांबाला धडकून टोक मंदावतं आणि आकडे घाण होतात. वेढे मात्र अजून डोळ्यांनीच मोजतोय, दोघं वेगवेगळे मोजतो, कोणती चिप कसली ते न बघता. सॉफ्टवेअर एकमेकांवरून गेलेल्या तंतूंना पण वेढा म्हणतं.

१७ ऑक्टोबर

आता एका खेपेला लागणारा वेळ: ओतणं एक रात्र, पंच आणि चिकटवणं अर्धा दिवस, ऑटोक्लेव्ह, व्हॅक्यूम आणि भरणं अर्धा दिवस, भिजवणं एक रात्र, मग लागवड आणि तीन दिवस बघणं. दहा चिप ओतल्या तर सहासात शेवटपर्यंत टिकतात, बाकीच्या बुडबुडा, गळती, नाहीतर बॅक्टेरिया. संपलेल्या चिप ऑटोक्लेव्ह करूनच टाकायच्या, राइझोक्टोनिया पिकांवरचा रोग आहे, बेसिनमध्ये सोडायची वस्तू नाही.

पुढची जोडी क्लोनोस्टॅकिस रोझिया आणि फ्युजारियम ग्रॅमिनेरम. ह्या जोडीवर चिपमधलं काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे, म्हणजे आमचं बरोबर येतंय का हे ताडून बघता येईल. क्लोनोस्टॅकिस फ्युजारियमपेक्षा बरीच संथ, त्यामुळे एकदम लावल्या तर भेट खोलीत न होता तिच्याच चॅनेलमध्ये होणार. तिची वाढ आमच्या माध्यमात मोजायला आज रिकाम्या चिपवर एकटीच लावलीय, आकडा आला की तिला किती आधी सोडायचं ते ठरेल. फ्युजारियमचे तंतू पण मोजून घेतो, त्याशिवाय खोलीची उंची ठरवणार नाही.